ई-लिलावाच्या नोटिशीत ताब्याचं मोठ्या अक्षरात छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर बँकांच्या ई-लिलावाच्या, म्हणजे कर्ज थकलेली घरं-जागा ऑनलाइन विकायच्या, नोटिसा येतात, एवढ्याशा बारीक टायपात, बहुतेक लोक ते पान उलटून क्रिकेटकडं जातात पण आमच्या जुळे सोलापुरात हल्ली तेच पान चष्मा लावून वाचणारे लई वाढलेत. फ्लॅट बाजारभावापेक्षा चार-पाच लाखानं स्वस्त दिसतो आणि माणूस मोबाईल घेऊन माझ्या दारात, "काका, बोली लावू का?" मी नोकरी बँकेच्या वसुली खात्यात काढली, आता रिटायर आहे, म्हणून येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा म्हटलं तुम्हालाच लिहावं, आणि तुमच्याकडं एक मागणी पण आहे.

आधी चांगलं सांगतो, कारण ऑनलाइन म्हटलं की आपल्याकडं सगळे फ्रॉड फ्रॉड करत सुटतात. ऑनलाइनमुळं रिंग मोडली. पूर्ण नाही, फोनवर अजून चालत असेलच, पण बरीच मोडली. पूर्वी ब्रँचमध्ये लिलाव व्हायचा तेव्हा ठरलेलीच माणसं यायची, बाहेर टपरीवर चहा घेता घेता कुणी घ्यायचं आणि बाकीच्यांना किती द्यायचे ते मिटायचं, मग आत येऊन राखीव किमतीवर, म्हणजे बँकेनं ठरवलेल्या कमीत कमी भावावर, थोडेफार चढवले की विषय संपला. नवीन कुणी दिसला की त्याला जिन्यातच गाठून "कशाला पडताय साहेब, लफडं आहे त्यात" म्हणून परत पाठवायचे. आता समोर कोण बोली लावतंय ते कळतच नाही, पुण्यातला असेल नाहीतर हैदराबादचा, आणि साधा नोकरदार माणूस पण घरात बसून भाग घेऊ शकतो. सरकारी बँकांच्या लिलावातल्या मालमत्ता आता बँकनेट नावाच्या पोर्टलवर एका जागी बघायला मिळतात, 2025 च्या जानेवारीत सुरू झालंय ते.

विकणाऱ्याचा पण फायदा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या एका मित्रानं टॉवेलचं युनिट बंद केलं, जुने माग विकायचे होते. इथला भंगारवाला एकच रेट सांगून खुर्चीत बसून राहिला, त्याला माहीत होतं की हा जाऊन जाऊन जाणार कुठं. मित्राच्या पोरानं लॉट करून फोटो काढून ऑनलाइन लिलावात टाकले तर इचलकरंजी, मालेगाववरनं बोल्या आल्या आणि रेट बऱ्यापैकी चढला. पण खरी गंमत माल उचलताना झाली. रिकामी लॉरी काट्यावर चढवली तेव्हा केबिनमध्ये चार हमाल बसलेले आणि मागं पाण्याचे दोन ड्रम भरलेले, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन जास्त लागलं की भरल्यावर मालाचं वजन तेवढं कमी निघणार! पोरगं हुशार, सगळ्यांना खाली उतरवलं, ड्रम ओतायला लावले आणि दुसऱ्या काट्यावर परत वजन केलं, तेव्हा कुठं ताडपत्री सोडली. पैसे सगळे आधीच खात्यात घेतले होते, ते मेसेजवर नाही तर पासबुकात एंट्री बघून. स्क्रीनवर रेट कितीही चढू दे, काट्यावर उभं राहावंच लागतं.

आता घराचं. मार्केट यार्डात कांद्याचा सौदा होतो तेव्हा व्यापारी गोणीत हात घालून तळातला कांदा वर काढून बघतो, मग बोलतो. आणि आपली माणसं तीस लाखाचा फ्लॅट चार फोटो बघून! नोटिशीत खाली लिहिलेलं असतं, "जसे आहे जेथे आहे, जे काही आहे" तत्त्वावर. ते नुसतं छापायचं म्हणून छापत नाहीत ओ, त्याचा अर्थ पुढं जे काही निघेल ते तुमच्या गळ्यात. सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स, महापालिकेची घरपट्टी, आणि वीजबिल पण, लिलावात अशा अटीवर घेतलेल्या जागेची जुनी वीज थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करायला नियमात आधार असेल तर करता येते हे सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये सांगितलंय. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा, झोन ऑफिसला जाऊन घरपट्टी बघा, महावितरणला ग्राहक नंबर देऊन बिल काढा, मालकी आणि बोजा तपासलेला सर्च रिपोर्ट वकिलाकडनं घ्या. नोटिशीत पाहणीची तारीख दिलेली असते, त्या दिवशी जा, आणि नुसतं कुलूप बघून येऊ नका, शेजाऱ्याची बेल वाजवा. शेजारी जेवढं सांगतो तेवढं बँकेच्या फायलीत नसतं, हे मी बँकेत राहून सांगतोय.

सगळ्यात मोठं लफडं ताब्याचं. ताबा दोन प्रकारचा, प्रत्यक्ष आणि सांकेतिक. प्रत्यक्ष म्हणजे घर रिकामं करून बँकेचं कुलूप लागलंय. सांकेतिक म्हणजे दाराला नोटीस चिकटवली, पेपरात दिली, आणि आत कर्जदार आई-बाप-पोरांसह राहतोय. बँका ज्याखाली थकीत कर्जाची मालमत्ता जप्त करून विकतात तो सरफेसी कायदा 2002 चा आहे, त्याच्या कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करून पोलीस बंदोबस्तात ताबा घेता येतो, कायद्यात मुदत 30 दिवसांची, फार तर 60, पण प्रत्यक्षात किती लागतात ते ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा. वर कर्जदार डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, गेला तर अजून तारखा. तोपर्यंत तुमचे पैसे बँकेत, कर्जाचा हप्ता चालू आणि घरभाडं पण चालू. स्वस्त कशामुळं होतं ते तेव्हा कळतं. सांकेतिक ताब्याचं घेऊच नका असं मी म्हणत नाही, ज्याच्याकडं दम आहे आणि पैसा अडकला तरी चालतो त्यानं घ्यावं, पण रिटायरमेंटच्या पैशावर नको.

पैशाची मुदत पण लोक नीट वाचत नाहीत. इसारा भरून भाग घ्यायचा, जिंकलात की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी इसाऱ्यासकट 25 टक्के, आणि उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेनं लेखी वाढवून दिली तर जास्तीत जास्त तीन महिने. होमलोन 15 दिवसांत होईल या भरवशावर बसलात तर गेलात. ते 25 टक्के जप्त होतात, आणि बँकेनं नंतर तीच मालमत्ता जास्त भावाला विकली तरी परत मिळत नाहीत, 2024 मध्ये अशाच केसमध्ये सुप्रीम कोर्टानं जप्ती कायम ठेवली. तेव्हा कर्जाची मंजुरी आधी हातात, बोली नंतर. आणि आपला शेवटचा आकडा कागदावर लिहून बायकोकडं द्या, कारण शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ आपोआप वाढतो आणि तेव्हा माणसाला "अजून दहा हजारच तर" असं वाटायला लागतं, एकदा दोनदा नाही, दहादा.

जाता जाता एक. जुनी नाणी, ट्रॅक्टरवाली पाच रुपयाची नोट, 786 नंबरची नोट लाखाला जाते असले मेसेज आपल्या भागात जोरात फिरतायत. जुन्या नाण्यांचा खरा लिलाव असतो, हौशी लोक घेतात पण, त्याला वाद नाही. पण जो विकायच्या आधी तुमच्याकडंच जीएसटी आणि कमिशन मागतो तो चोर. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच जाहीर केलंय की असल्या व्यवहारात ती नाही आणि कसली फी मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आता मागणी. ही नोटीस दोन पेपरात द्यावी लागते आणि त्यातला एक स्थानिक भाषेतला असावा लागतो, म्हणजे मराठी वाचकाला कळावं हाच नियमाचा हेतू ना? मग ताबा प्रत्यक्ष की सांकेतिक हे राखीव किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या टायपात का येऊ नये? काही नोटिशींत ते शोधायला पाच मिनिटं जातात. जाहिरात घेताना तुमच्या जाहिरात विभागानं बँकांना एवढं सांगावं, आणि माहीत असलेल्या थकबाकीची रक्कम पण त्याच चौकटीत टाकायला लावावी. जागा थोडी जास्त लागेल, बिल बँकच भरणार आहे.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर