आधी पासपोर्टची तारीख बघ

विनिपेग, कॅनडा,
४ मे २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझी शेवटची परीक्षा संपल्याचे कळले आणि फार बरे वाटले. पण फोनवर तू सहज म्हणालास, की ऑक्टोबरात दीक्षान्त समारंभ होऊ दे, मग निवांतपणे शिक्षणानंतर इथे नोकरी करण्याच्या परवान्याचा, म्हणजे वर्क परमिटचा, अर्ज करीन. ते ऐकल्यापासून मला चैन पडलेले नाही. फोनवर सांगितलेले तू विसरतोस, हे मला वसतिगृहाच्या दिवसांपासून ठाऊक आहे; म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

समारंभाचा आणि अर्जाचा काहीएक संबंध नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे पत्र किंवा अंतिम गुणपत्रक विद्यापीठाने ज्या दिवशी दिले, त्या दिवसापासून अर्जासाठी १८० दिवस मोजले जातात. हा आकडा ऐसपैस वाटतो आणि तिथेच माणूस फसतो. कारण स्टडी परमिटवर, म्हणजे शिकण्यासाठी इथे राहण्याच्या परवान्यावर, पुढची कोणतीही तारीख छापलेली असली, तरी अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर ९० दिवसांनी त्याची मुदत संपते. त्याची मुदत असतानाच अर्ज गेला, तर निर्णय येईपर्यंत पूर्णवेळ नोकरी करता येते. ती उलटून गेल्यावर केला, तर हात बांधून बसावे लागते. ऑक्टोबरपर्यंत थांबलास, तर समारंभाचा झगा घालून बिनकामाचा उभा राहशील. आणखी एक : पत्र हाती पडल्यापासून अर्ज दाखल होईपर्यंतच्या दिवसांत काम करता येत नाही. तेव्हा सध्याची कॅफेमधली पाळी चालू ठेवण्याआधी याचा विचार कर.

आता मुख्य गोष्ट. आपण दोघांनी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, एकाच आठवड्यात पुण्याला मुंढव्याच्या केंद्रात जाऊन पासपोर्ट काढले होते, हे तुला आठवत असेल. रांगेत तुझा फोटो डोळे मिटलेला आला म्हणून पुन्हा काढावा लागला होता. त्या पासपोर्टची दहा वर्षे येत्या जानेवारीत भरतात. माझा अभ्यासक्रम डिसेंबरमध्ये संपला, ६ जानेवारीला पत्र मिळाले आणि मी पंधरवड्यात अर्ज करून मोकळा झालो. पासपोर्टला वर्षच उरले आहे, हे मला दिसत होते. पण नव्या पासपोर्टसाठी थांबण्याचा धीर नव्हता आणि 'परमिट तर तीन वर्षांचे मिळणारच' अशी माझी खात्री होती. १५ फेब्रुवारी २०२४ पासून पदव्युत्तर पदवी दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीची असली, तरी तीन वर्षांचे परमिट मिळते, हे खरेच आहे. पण कोणतेही परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिले जात नाही. एप्रिलअखेर कागद आला, तो उघडला, आणि 'मुदत' या शब्दापुढे १८ जानेवारी २०२६ ही तारीख वाचून मी तो कागद उलटा करून पाहिला, जणू उरलेली दोन वर्षे मागच्या बाजूला छापली असावीत.

हे परमिट आयुष्यात एकदाच मिळते. त्यातल्या त्यात दिलासा इतकाच, की पासपोर्टमुळे कापली गेलेली मुदत नवा पासपोर्ट आल्यावर मागून घेता येते. मात्र त्यासाठी वेगळा कागदी अर्ज, पुन्हा शुल्क आणि पुन्हा वाट पाहणे आले. दरम्यान ज्या ज्या ठिकाणी मुलाखतीला जातो, तिथे नऊ महिन्यांची तारीख पाहून समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि मग मला हा सगळा पुराण-प्रसंग सांगावा लागतो. नोकरीसाठी इथे लागणारा, नऊ आकड्याने सुरू होणारा आपला सोशल इन्शुरन्स नंबरही त्याच तारखेला संपतो, ते वेगळेच.

भाषेच्या परीक्षेबाबतही सावध राहा. १ नोव्हेंबर २०२४ पासून अर्जासोबत निकाल जोडणे बंधनकारक आहे. विद्यापीठाच्या पदवीधराला वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण या चारही कौशल्यांत सीएलबी ७, म्हणजे कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची सातवी पातळी, लागते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ते प्रत्येकी ६ गुणांइतके होते. प्रवेशासाठी तू दिलेली तिची अ‍ॅकॅडमिक प्रकारची परीक्षा इथे चालत नाही. तिचाच जनरल ट्रेनिंग हा प्रकार द्यावा लागतो, किंवा सेल्पिप वा पीटीई कोअर या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षांपैकी एक. दोन वर्षे इंग्रजीत प्रबंध लिहून पुन्हा इंग्रजी येते हे सिद्ध करायचे, याचा मलाही राग आला होता. राग गिळ आणि तारीख आरक्षित कर.

नावाकडेही लक्ष दे. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या. इथल्या विद्यापीठाच्या पत्रावर आणि परीक्षेच्या निकालावर नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

शुल्क २५५ डॉलर आहे : परमिटचे १५५ आणि खुल्या परमिटचे १००. खुले म्हणजे कोणत्याही एका मालकाशी न बांधलेले. हे मी वडिलांना समजावून सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे नोकरी अजून लागलेली नाही." त्यांचे बरोबरच होते. आणि परमिट म्हणजे देशात पुन्हा शिरण्याचा व्हिसा नव्हे. पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल, तर दिवाळीला सांगलीला जाण्याआधी परतीचा विचार कर.

तर क्रम असा ठेव : या आठवड्यात पासपोर्टचा अर्ज, त्याच आठवड्यात परीक्षेची नोंदणी, आणि विद्यापीठाचे पत्र मिळाल्यापासूनच्या ९० दिवसांच्या आत परमिटचा अर्ज. नवा पासपोर्ट वेळेत येत नाही असे दिसले, तर मला लगेच कळव, मग काय करायचे ते बसून ठरवू. पत्र वाचून झाले की पेटी उघड आणि पासपोर्टच्या फोटोच्या पानाचे चित्र मला पाठव. माझा १८ तारखेला संपतो. तुझा दोन-तीन दिवस मागेपुढे असेल, पण मला ती तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आहे. तो मिटलेल्या डोळ्यांचा फोटो त्यांनी खरेच बदलला होता का, तेही त्यात कळेल.

तुझा,
जुना खोली-सोबती