टाकून दिलेल्या ढिगाचा हिशोब कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात प्रेडिक्टिव्ह कोडिंगवरच्या (वकिलाने शेरा मारलेल्या काही कागदांवरून शिकून सॉफ्टवेअरने बाकीचे कागद खटल्याशी संबंधित की असंबंधित ते ठरवणे) लेखाला ‘कागद तपासणारे सॉफ्टवेअर ९९ टक्के अचूक’ असा मथळा दिला आहे. तो वाचून राहवले नाही. डिस्कव्हरीत, म्हणजे खटल्याशी संबंधित कागद शोधून दुसऱ्या पक्षाला देण्याच्या कामात, या आकड्याला काडीची किंमत नाही. १० लाख दस्तऐवजांत संबंधित १० हजारच असतील आणि सॉफ्टवेअरने एकही न उचलता सगळे असंबंधित ठरवले, तरी ते ९९ टक्के अचूकच भरते! विचारायचे ते रिकॉल: संबंधित कागदांपैकी हाती किती लागले?

ते कळायला सॉफ्टवेअरने असंबंधित म्हणून टाकून दिलेला ढीग तपासावा लागतो. समजा, सॉफ्टवेअरने १ लाख दस्तऐवज उचलले, त्यांत ५,५०० संबंधित निघाले. उरलेल्या ९ लाखांतून २,४०० चा यादृच्छिक नमुना काढून प्रकरण जाणणाऱ्या वकिलाने वाचला आणि १२ संबंधित सापडले. अर्धा टक्का, म्हणून सगळे खूश. पण ९ लाखांचा अर्धा टक्का म्हणजे ४,५०० कागद मागे राहिले. रिकॉल अवघा ५५ टक्के. त्यातही १२ हा आकडा इतका लहान, की खरा रिकॉल ४१ टक्के असेल की ७०, हे त्या नमुन्यावरून ठरत नाही. नमुना वाढवावाच लागतो. अमेरिकेत २०१२ मध्ये न्या. अँड्र्यू पेक यांनी ‘दा सिल्वा मूर’ खटल्यात प्रेडिक्टिव्ह कोडिंग प्रथम मान्य केले, तेव्हाच्या तपासणीच्या आराखड्यातही टाकून दिलेल्यांतून २,३९९ दस्तऐवज तपासण्याची अट होती. लेखात याचा उल्लेखही नाही.

सॉफ्टवेअर चुकते ते बहुधा शिकवणीमुळे, म्हणजे वकिलाने मारलेल्या शेऱ्यांमुळे. ‘सोबत जोडले आहे’ एवढ्याच ओळीच्या ईमेलला, जोडलेला करार महत्त्वाचा म्हणून ‘संबंधित’ शेरा मारला, की सॉफ्टवेअर तसल्याच ओळी गोळा करत सुटते. शेरा त्या-त्या कागदाच्या स्वतःच्या मजकुरावर द्यायचा. ईमेल आणि जोडपत्र एकत्र आणायचे ते दुसऱ्या पक्षाला देताना. नुसत्या आकड्यांची एक्सेल, नकाशे, पुसट स्कॅन हे आधीच वेगळे काढून माणसानेच पाहायचे, कारण सॉफ्टवेअरला शिकायला त्यांत मजकूरच नसतो.

याचा अर्थ जुनी पद्धत बरी, असे मुळीच नाही. ब्लेअर आणि मॅरन यांच्या १९८५ च्या अभ्यासात शब्द टाकून शोध घेणाऱ्या वकिलांना वाटत होते ७५ टक्के सापडले; प्रत्यक्षात सापडले होते २० टक्क्यांच्या आसपास. सॉफ्टवेअर वापरावेच, पण मोजून.

जाता जाता: प्रेडिक्टिव्ह कोडिंगवरच्याच, इंग्लंडमधील २०१६ च्या ‘पिऱ्हो’ खटल्यात दस्तऐवज ३० लाखांहून अधिक होते; आपण ३० कोटी छापलेत. दशलक्षाचे लाख करताना आपल्याकडे हे वारंवार होते. मथळा आणि हा आकडा, दोन्ही दुरुस्त्या त्याच पानावर, ठळक छापाव्यात ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक