केसवर्करबाईंना, न्यू जर्सीतल्या एडिसनहून

बाई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही. इंग्रजीतलं कार्ड वेगळं पाठवलंय. त्यात जे लिहायला जमलं नाही ते इथे लिहितो. शिवाय हे आमच्या मराठी मंडळींच्याही कानावर जायला हवं, कारण दोन वर्षं मी त्यांना "मुलगा टेक्सासला असतो" असं सांगत होतो. तो टेक्सासला नव्हता. आमच्या घरापासून वीस मैलांवर, स्वतःच्या कोरोलात झोपत होता.

अमेरिकन सैन्यातून गेलेला तो २०१२ साली अफगाणिस्तानातून परतला तेव्हा आम्ही सत्यनारायण घातला होता. पुढे त्याची झोप उडाली, नोकऱ्या सुटत गेल्या, दारू वाढली. "आधी ती सोड, मग घरात ये," असं मी दार अडवून म्हणालो. बापाने असंच म्हणायचं असतं, अशी माझी समजूत.

तुम्ही, बेघर माजी सैनिकांना मदत मिळवून देणाऱ्या केसवर्कर, उलट्या टोकाने सुरुवात केलीत. आधी घर, बाकीचं मागाहून. पहाटे गाडीच्या काचेवर टकटक झाली तेव्हा त्याला पोलीसच वाटले होते. तुम्ही दारूचा विषयही काढला नाहीत म्हणे. लष्करातून सुटल्याचा दाखला, तो डीडी-२१४, जवळ आहे का एवढंच विचारलंत. तो कधीच हरवला होता. सेंट लुईसच्या दप्तरातून तुम्ही तो मागवलात. मग हड-व्हॅशचं, म्हणजे बेघर माजी सैनिकांच्या घरभाड्याला मदत करणाऱ्या सरकारी योजनेचं व्हाउचर, आणि त्याची मुदत संपायच्या आत घर शोधायची धावपळ. व्हाउचरचं नाव काढलं की घरमालकांचा सूर कसा बदलतो, हे त्याच्याकडूनच कळलं. अकरा जणांनी टोलवलं. बाराव्या घरी इन्स्पेक्शनमध्ये एक खिडकी उघडेना, त्यात आणखी पंधरा दिवस गेले. डिपॉझिट व्हाउचरमध्ये बसत नव्हतं, ते तुम्ही दुसऱ्या योजनेतून मिळवलंत. आता कमाईच्या साधारण ३० टक्के भाडं तो स्वतः भरतो.

किल्ली मिळाली म्हणजे तुमचं काम झालं, असं मला वाटलं होतं. मार्चमध्ये तो पुन्हा घसरला. आता घरही जाणार, असं मी धरून चाललो (खरं सांगायचं तर "मी म्हटलंच होतं" हे वाक्यही तयार ठेवलं होतं). तुम्ही त्याच्याकडे गेलात, भाडं भरलंय ना ते पाहिलंत, लायन्स गावच्या व्हीएमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या दवाखान्यात, अपॉइंटमेंट लावून दिलीत आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा हजर. घर राहिलं.

गेल्या रविवारी त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. कुकरमध्ये खिचडी होती, जरा करपलेली. "बाबा, या ना आत," तो म्हणाला. मी चपला काढता काढता उंबऱ्यातच रेंगाळलो होतो.

आपला ऋणी,
त्याचा बाप

ता. क. मराठी वाचकांसाठी: तुमच्याकडेही कुणी असं 'टेक्सासला' असेल, तर बेघर माजी सैनिकांसाठीचा व्हीएचा फोन ८७७-४२४-३८३८ दिवसरात्र चालू असतो. घरच्यांनी केला तरी चालतो. मी केला नाही.