लेस्टरहून आप्पांना: धावणं सोडलेलं नाही

लेस्टर, इंग्लंड
रविवार, दुपार

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार,

आज्जीला वेगळा नमस्कार. हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि बदकाचा भाग आला की जरा सावकाश वाचा.

मी बरी आहे. खोली उबदार आहे. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानांत ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, गूळ सगळं मिळतं, त्यामुळं उपाशी आहे असं कुणी म्हणू नये. खोकला गेला. आईनं दिलेल्या दोन स्वेटरांची अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. बाकी रोजचं तुम्हाला फोनवर कळतंच.

पत्र अशासाठी की आप्पांनी फोनवर तीनदा एकच विचारलं: पळणाऱ्या पोरीला हे गुन्ह्याच्या पुराव्यांच्या तपासणीचं, म्हणजे फॉरेन्सिकचं, खूळ कुठून लागलं? मी सांगायला लागले की मधेच आई "जेवलीस काय गं?" विचारते, आणि विषय भाकरीवर जातो. म्हणून लिहून काढते.

आधी एक गैरसमज. मी मुडदे फाडत नाही. शवविच्छेदन डॉक्टर करतात, आणि त्यात तज्ज्ञ व्हायचं तर आधी एमबीबीएस व्हावं लागतं. आमच्या टेबलावर येतं ते पाकिटातून: कापडाचा तुकडा, कापूस लावलेली काडी, बुटाच्या ठशाचा साचा, काचेचा कण. गडहिंग्लजच्या पाहुण्यांना कृपा करून एवढं सांगा.

खूळ लागलं ते बाटलीमुळं. शर्यत झाली की डोप टेस्टला नेतात, ते तुम्ही मैदानाबाहेरून बघितलंय. आत काय होतं ते मी कधी सांगितलं नाही, लाज वाटायची. आता सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

निरोप मिळाल्यापासून एक बाई सोबत असते, खेळाडूला नजरेआड होऊ देत नाही. प्यायचं ते सीलबंद बाटलीतलं, तेही आपण उचललेलं. नमुन्याचं भांडं समोरच्या तीनचारांतून आपणच निवडायचं, सील फाटलंय का बघायचं. मग अंगरखा वर, बाह्या कोपरापर्यंत, पँट गुडघ्यापर्यंत, आणि बाई समोर उभी. निदान 90 मिली लागतं. ते दोन बाटल्यांत आपल्याच हातानं ओतायचं, ए मध्ये 60 आणि बी मध्ये 30, आणि भांड्याच्या तळाला थोडं ठेवायचं. झाकण फिरवताना टिकटिक आवाज येतो, तो थांबेपर्यंत फिरवायचं. मग बाटली उलटी करून गळते का बघायचं. ते झाकण नंतर फोडल्याशिवाय उघडत नाही.

तळाला ठेवलेल्या थेंबांवर पाण्याच्या मानानं दाटपणा मोजतात. एवढ्या नमुन्याला आकडा निदान 1.005 यावा लागतो. इथंच बहुतेकांची फसगत होते. पळून घाम गेलेला, लघवी होत नाही, म्हणून पोरी लिटर-लिटर पाणी पितात. मग होते, पण पाण्यासारखी. पातळ नमुन्यात औषधाचा अंश विरून यंत्राला सापडेनासा होतो, म्हणून तो एकटा पुरत नाही. पुन्हा द्यायचा, रात्रीचे दहा वाजले तरी. शेवटी फॉर्म. मागच्या 7 दिवसांतली सगळी औषधं लिहायची आणि बाटलीवरचा क्रमांक फॉर्मवरच्या क्रमांकाशी अंकाअंकानं ताडून मगच सही करायची. घाईत सही करणारे हेच विसरतात.

आणि आप्पा, प्रयोगशाळेत जातो त्या कागदावर नाव नसतं. तालुका कुठला, आडनाव काय, घरी मराठी बोलतात की कानडी, काही नाही. नुसता क्रमांक. आपल्याकडं सीमाभागात ज्याला साध्या दाखल्यासाठीही पाटी कुठल्या भाषेत हे बघावं लागतं, त्याला हे केवढं वाटतं ते तुम्हाला सांगायला नको.

पण क्रमांकावर विश्वास ठेवायचा तर तो सांभाळणारी जागा नेटकी हवी. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेची मान्यता डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेनं, वाडानं, ऑगस्ट 2019 मध्ये थांबवली. काम ठरलेल्या मानकाला उतरत नव्हतं. ती डिसेंबर 2021 मध्ये परत मिळाली. मधल्या काळात आपल्या खेळाडूंचे नमुने परदेशी पाठवावे लागले. धावणारे देशात भरपूर आहेत. बाटली नीट उघडणारे कमी आहेत. मला त्या कमी असलेल्यांत जायचं होतं.

लेस्टरच का, हेही याच धाग्यातलं. 10 सप्टेंबर 1984 रोजी याच गावातल्या विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना माणसामाणसाचा डीएनए वेगळा ओळखायची युक्ती सापडली. जवळच्या दोन खेड्यांत 1983 आणि 1986 मध्ये दोन मुलींचे खून झाले होते. एका 17 वर्षांच्या मुलानं दुसऱ्या खुनाची कबुलीसुद्धा दिली होती. डीएनए जुळवला तर तो निर्दोष निघाला. म्हणजे या युक्तीनं आधी सोडवलं, पकडलं मागाहून. मग आसपासच्या 5,000 हून जास्त पुरुषांचे नमुने घेतले, तरी खुनी सापडेना. का? कारण कॉलिन पिचफोर्क नावाच्या त्या माणसानं स्वतःऐवजी सोबत्याला नमुना द्यायला धाडलं होतं. दारूच्या गुत्त्यात तो सोबती बोलून गेला, कुणीतरी ऐकलं, आणि 1988 मध्ये शिक्षा झाली. जगातली सगळ्यांत नवी युक्ती हाताशी, आणि अडलं कुठं, तर नमुना देणारा तोच आहे का हे बघण्यात. ती बाई समोर का उभी राहते ते मला हे वाचल्यावर पुरतं पटलं.

कामाचा नमुना सांगते, म्हणजे आईला कळेल की यात भिण्यासारखं काही नाही. तांबडा सुकलेला डाग रक्ताचा आहे का? गोल गाळणकागद दोनदा दुमडून टोक काढायचं, ते डागावर हलकं घासायचं. टोकावर आधी अल्कोहोलचा थेंब, मग केएम नावाच्या द्रावणाचा, आणि थांबायचं. रंग यायला नको. मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. काही सेकंदांत गुलाबी झालं तर रक्त असू शकतं. पेरॉक्साइडच्या आधीच गुलाबी झालं तर चाचणी बाद. अर्ध्या मिनिटानंतर झालं तर तो हवेचा परिणाम, तोही धरायचा नाही. काही भाज्यांच्या रसानंही गुलाबी येतं, म्हणून अहवालात "रक्त आहे" असं लिहायचं नसतं, "रक्त असण्याची शक्यता" लिहायचं. सुरू करण्याआधी माहीत असलेल्या रक्तावर एकदा आणि कोऱ्या कागदावर एकदा करून बघायचं, नाहीतर द्रावण मेलेलं असलं तरी कळत नाही. यात हुशारी लागत नाही. विसाव्या डागालाही पहिल्यासारखंच थांबावं लागतं, तेवढंच. तुम्ही बांधावर घड्याळ घेऊन 400 मीटरच्या फेऱ्या मोजायचात तेव्हा शेवटच्या फेरीची वेळ बघून बोलायचात, पहिलीची नाही.

मला सगळ्यांत आवडतात बुटाचे ठसे, कारण बूट मला कळतात. तळव्याची नक्षी हजारो जोड्यांची सारखी असते. झीज, चीर, खाचेत अडकलेला खडा त्या जोडीचाच. आधी फोटो: कॅमेरा बरोबर वरून, शेजारी मोजपट्टी, बॅटरी तिरकी धरून चारी बाजूंनी. मग साचा. साधारण 900 ग्रॅम डेंटल स्टोन, म्हणजे दातांचे डॉक्टर वापरतात ती पावडर, झिपच्या पिशवीत घ्यायची, 300 ते 350 मिली पाणी घालून दोनतीन मिनिटं पिशवीतच मळायचं. आंबोळीच्या पिठाइतकं सैल हवं. ते ठशावर ओतायचं नाही, बाजूला ओतून आत वाहू द्यायचं. उंचावरून पडलं तर बारीक रेघा जातात. निदान अर्धा तास हलवायचं नाही, इथल्या थंडीत त्याहून जास्त. उचलल्यावर चिकटलेली माती लगेच धुवायची नाही, एकदोन दिवस वाळू द्यायचा. उत्साहानं धुणारे साचा पुसून टाकतात. आणि ती मातीही कामाची. आपल्या खानापूरची तांबडी आणि बैलहोंगलकडची काळी एकाच बुटात सापडली तर तो माणूस कुठून कुठं गेला असेल, हे विचारता येतं.

काकांच्या पोराला हे वाचून दाखवा, तो तालमीत जातोय म्हणून. खोकल्याचं सिरप घेताना बाटलीवर टर्ब्युटलीन लिहिलंय का बघायचं. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपांत असतं आणि खेळाडूला ते बंद आहे. वजन उतरवायला कुणी फ्युरोसेमाइडची गोळी दिली तर तीही बंद. जिममधली पावडर घेतलीच तर डबा टाकायचा नाही, बॅच क्रमांकासकट ठेवायचा. डब्यावर न लिहिलेलं आत निघालं तर "मला माहीत नव्हतं" एवढ्यानं सुटका होत नाही, पण डबा असला तर बोलायला काहीतरी असतं. मिशी फुटली म्हणून पैलवान झाला असं त्यानं समजू नये.

आज्जी, आता बदक. इथं बसवाला, दुकानातली बाई, रस्ता झाडणारा, सगळे म्हणतात, "ऑलराइट, मी डक?" डक म्हणजे बदक. मराठी कानाला वाटतं की तो स्वतःलाच "मी बदक" म्हणतोय. पण त्यांच्या बोलीत "मी" म्हणजे "माझ्या". माझ्या बदका, बरी आहेस ना? बाई असो, बाप्या असो, सत्तरीची म्हातारी असो, सगळे बदकच. यात चेष्टा नाही, लगटही नाही, हे आईला आधीच सांगते. आपल्याकडं अनोळखी माणसाला "काय मावशी" म्हणतो तसं. आणि प्रश्न विचारला म्हणून उत्तर द्यायचं नसतं. मी पहिल्या आठवड्यात खोकला कसा आहे ते सांगायचे, मागची रांग खोळंबायची. आपणही "ऑलराइट" म्हणायचं आणि तिकीट घ्यायचं. उतरताना ड्रायव्हरला "टा" म्हणायचं, म्हणजे आभार. वर्गात प्राध्यापकांना मात्र बदक म्हणायचं नाही. का नाही, ते कुणी सांगत नाही, पण म्हणत नाहीत.

धावणं सोडलेलं नाही. बुधवारी दुपारनंतर तास नसतात, ती वेळ खेळाची. चिखलातून पळते, काही विशेष नंबर येत नाही. मामा म्हणाले तसं कोचिंग करून पैसे मिळवता येत नाहीत. विद्यार्थी व्हिसावर खेळाचं शिकवणं बंद आहे. दुकानात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं, ते करते. बसून करायचं काम आहे, पाय दुखत नाहीत.

धारवाडला राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाचं केंद्र असताना एवढ्या लांब कशाला, असं आप्पा म्हणाले. तिथं दोन वर्षं, इथं एक. हे कारण अर्धंच आहे, मलाही माहीत आहे. उरलेलं अर्धं असं की मला एकदा बाहेर पडायचं होतं. इथंच राहणार नाही, ती भीती काढून टाका. इथली सरकारी फॉरेन्सिक सेवा 2012 मध्येच बंद झाली. आता काम खासगी प्रयोगशाळांत चालतं, परदेशी मुलीला तिथं शिरणं अवघड. उलट आपल्याकडं 1 जुलै 2024 पासून गुन्ह्यांच्या तपासाची नवी संहिता आली. 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं जागेवर जाऊन पुरावा गोळा करायचा आहे, आणि राज्यांना ते 5 वर्षांत लावायचं आहे. माणसं लागणारच. बेळगावातही विभागीय प्रयोगशाळा आहे.

त्यात एक गोष्ट आहे, आप्पा, ती तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. राज्य सरकारची नोकरी म्हणजे कन्नडची परीक्षा आलीच. मी लिहायला शिकतेय, जोडाक्षरांपर्यंत आले. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला तुम्ही 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत जाता, ते मी विसरलेले नाही. पण पंचनामा ज्या भाषेत लिहिला आहे तो मला वाचता आला पाहिजे.

पैशाचं: या महिन्यात 22 हजार टाकले आहेत. ते कर्जाच्या हप्त्याला घालू नका, सोसायटीत ठेवलेल्या आईच्या पाटल्यांच्या व्याजाला घाला. पाटल्या पुढच्या दिवाळीपर्यंत नक्की सुटतील. आईनं लग्नकार्यात हात पदराखाली घेऊन बसू नये, बांगड्या भरून जावं. काकांच्या ताईच्या लग्नाला मला येता येणार नाही, प्रबंध त्याच महिन्यात द्यायचा आहे. मंगलाष्टकं सुरू झाली की फोन लावून कुठंतरी टेकवून ठेवा, बोलायची गरज नाही.

गडहिंग्लजच्या स्थळाचा फोटो मिळाला. मुलगा चांगला असेल. शेजारी मोजपट्टी ठेवलेली नसल्यानं उंचीबद्दल मत देता येत नाही. त्यांना नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. बायकोनं कामासाठी रात्री दोन वाजता घटनास्थळी गेलेलं चालेल का, तेवढं एक विचारा आणि उत्तर जसंच्या तसं कळवा.

आईचे पाय दुखताहेत ते तिनं सांगितलं नाही, आज्जीनं सांगितलं. डॉक्टरांना दाखवा.

तुमची,
धाकटी

ता. क. माझे जुने स्पाइक्स फडताळात खाली आहेत. धुवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल राहून बुरशी येते. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, मातीसकट.