तारीख घेऊन मोकळी झालेय

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते. पण आईचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून आपोआप ‘सगळं ठीक’ निघतं, म्हणून लिहितेय. किडनीतल्या खड्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे. मंगळवारी भरती व्हायचं, बुधवारी सकाळी ऑपरेशन.

आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, ‘आणखी एकांना दाखवू’, आईने तीन रात्री जागून काढल्या असत्या आणि तुमच्या आडून मीच तारीख पुढे ढकलली असती. मागच्या वर्षी तेच केलं. तेवढ्यात खडा 22 मिलिमीटरचा झाला.

गेल्या वेळी बाहेरून लहरी मारून फोडला, तेव्हा तो फुटला होता हे खरं. पण तुकडे बाहेर पडलेच नाहीत. महिनाभर गाळणी घेऊन बाथरूममध्ये जायचे मी, आणि हाती काय लागलं तर वाळूसारखे चार कण. बाबा ते भिंगाखाली धरून बसले होते! त्यात यंत्राचा दोष नव्हता. माझ्या दोन्ही किडन्या खालच्या टोकांना जुळलेल्या, घोड्याच्या नालेसारख्या. मूत्रवाहिनी निघते तीच जरा वरून, आणि मग त्या जोडावरून पुढच्या बाजूने खाली उतरते. मोरीचं तोंड तळाशी नसून भिंतीत वर असावं, तसं. तळाला पाणी साचतं, साचलं की गाळ धरतो. म्हणून या वेळी पाठीतून छोटं भोक पाडून दुर्बीण घालणार, खडा आतच फोडणार आणि तुकडे बाहेर काढूनच घेणार.

आई विचारेल, मग तो जोडच का नाही कापत? मीही विचारलं होतं. पूर्वी कापायचे, आता सहसा कापत नाहीत. त्या जोडातही बहुतेकदा काम करणारी किडनीच असते, तिला तिच्या रक्तवाहिन्या असतात.

डॉक्टरांनी सीटी स्कॅन माझ्यासमोर बराच वेळ बघितला. अशा किडन्या नेहमीपेक्षा खाली आणि कण्याला लागून असतात, कधी आतडं त्यांच्या मागे आलेलं असतं, ते सुईच्या वाटेत नको. माझी वाट मोकळी आहे, वरच्या टोकाकडून जाणार आहेत. धोका अजिबात नाही असं ते म्हणाले नाहीत. रक्तस्राव, ताप, एखादा तुकडा मागे राहणं, सगळं सांगितलं. बाबा, मला तोच माणूस बरा वाटला.

आता आई, हे तुझ्यासाठी. ‘जन्मजात’ हा शब्द ऐकून तू त्या दिवशी गप्प झालीस, ती अजून गप्पच आहेस. माझ्या वेळी काय उचललंस, कुठली गोळी घेतलीस, याचा हिशोब मांडत असतेस, माहीत आहे मला. नको मांडूस. पोटातल्या बाळाच्या किडन्या ओटीपोटातून वर चढत असतात, त्या वेळी माझ्या एकमेकींना चिकटल्या. मग आतड्याकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीने जोडाला अडवलं आणि त्या तिथेच राहिल्या. हे घडतं दुसऱ्या महिन्याच्या आसपास, तेव्हा तुला मी आहे हे जेमतेम कळलं असेल. साधारण 400 ते 500 माणसांत एकाच्या किडन्या अशा असतात, कित्येकांना जन्मभर पत्ताही नसतो. आणि शाळेच्या वेळेला माझं पोट दुखायचं, ते तुला नाटक वाटायचं, त्याचंही मनाला लावून घेऊ नकोस. निम्म्या वेळा नाटकच होतं. पण पोटावरून तुझा हात फिरला की खरं दुखणंही थांबायचं. बुधवारी तो हात आठवेल, एवढं मात्र होणार.

दवाखान्यात तीन-चार दिवस. ताई सोबत राहतेय, खोलीला खिडकी आहे, उशी मी माझीच नेतेय. नंतर काही दिवस आत नळी राहील, त्याने सारखं लघवीला लागल्यासारखं वाटेल, कदाचित लालसरही होईल. ताईने फोनवर तसं काही सांगितलं तर घाबरायचं नाही.

तुम्ही लगेच निघायचं नाही. आईचा गुडघा आणि रात्रभराचा प्रवास, नकोच ते. नळी काढल्यावर मीच येते, तेव्हा हवे तेवढे लाड करा. बाबा, बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. आणि पाणी! मला सांगता तेवढं स्वतः प्या. मला तर आता दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यायचंय, कायमचं; ऑपरेशनने खडा जाईल, मोरी तशीच राहणार आहे.

जुनी फाइल कपाटात वरच्या खणात असेल, तेवढे कागद फोटो काढून पाठवा. आणि बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवू नका, तिच्या हातात द्या. तुम्ही मधले परिच्छेद गाळता.

तुमची,
धाकटी