‘सर्वश्रुत’ म्हणजे सिद्ध नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘हे तर सर्वश्रुतच आहे’ हे वाक्य वृत्तपत्रांत हल्ली फार सैलपणे येते. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. सर्वश्रुत म्हणजे सर्वांच्या कानावर गेलेले. कानावर गेलेले खरेच असेल, अशी हमी या शब्दात नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक, म्हणजे नासिका, कापली म्हणून नाशिक हे नाव पडले, ही कथा सर्वश्रुत आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, हे मात्र सर्वज्ञात. ते कोणीही पडताळून पाहावे. या दोन शब्दांची अदलाबदल केली, की आख्यायिकेचा इतिहास होतो.

‘जगजाहीर’ची तऱ्हाच निराळी. झाकलेले उघड्यावर आल्याची छटा त्यात आहे. भांडण, लफडे, दिवाळखोरी जगजाहीर होते. एखाद्याची विद्वत्ता जगजाहीर म्हटली, तर कौतुकाला उगाच गालबोट लागते.

सर्वांत जपायचे ते ‘सर्व’ या शब्दाला. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढले, यावरून नाशिककर गोदेचा पूर जोखतात. पंचवटीत हे कुणाला सांगावे लागत नाही, पण लातूरच्या वाचकाला ‘मारुतीच्या छातीला पाणी लागले’ एवढ्यावर काय कळणार? तिथे अर्धे वाक्य खर्चून ती खूण समजावून द्यावी. ‘त्या दोघांतले आर्थिक हितसंबंध सर्वश्रुत आहेत’ अशा वाक्यात तर हा शब्द थेट पुराव्याच्या जागी बसवलेला असतो, आणि हे मला सर्वाधिक खटकते. शब्द खोडून वाक्य पुन्हा वाचावे. कोणी सांगितले, कोणत्या कागदात आहे, हे विचारावेसे वाटले, तर ते लिहावे. लिहिण्याजोगे काही नसेल, तर वाक्यच काढावे.

छपाईतल्या चुकाही ठरलेल्या आहेत. ‘फूल’, ‘मूल’ यांच्या वळणाने ‘सर्वश्रूत’ छापले जाते. पण शब्द तत्सम आहे, उकार ऱ्हस्वच हवा. ‘सर्वश्रृत’ही चूक, कारण मूळ धातूत ऋकार नाही. ‘सर्वांना सर्वश्रुत’ लिहिले की ‘सर्व’ दोनदा येते. आणि ‘बहुश्रुत’ हे माणसाचे विशेषण आहे: ज्याने पुष्कळ ऐकले-वाचले आहे, तो. ‘बहुश्रुत घटना’ असे काही नसते.

– एक मुद्रितशोधक, नाशिक