रमजानला बोल कशाला?

महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील पर्यटनविषयक लेखात ‘रमजानच्या महिन्यात मुस्लिम देशांची सहल टाळलेलीच बरी’ असा जो सल्ला दिला आहे, तो वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. लेखकमहाशयांच्या मते या महिन्यात परक्या माणसाला दिवसा पाण्याचा घोटही मिळत नाही आणि ऊन व उपवास यांनी तिथले लोक त्रासलेले असतात. कोणत्या देशातले, हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही. जणू मोरोक्कोपासून मलेशियापर्यंत एकच सरकार आणि एकच हवामान खाते आहे. इस्तंबूलमध्ये बहुतेक उपाहारगृहे दिवसाही चालू असतात आणि दुबईत उपाहारगृहांना पडदे लावण्याची सक्ती २०२१ सालीच उठली. उन्हाचे म्हणाल, तर रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ साली तो जूनमध्ये होता. आता तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि तेव्हा कैरोत सकाळी स्वेटर लागतो. रस्त्यात उघडपणे खाऊ-पिऊ नये, एवढे तारतम्य पाहुण्याने बाळगले म्हणजे पुरते.

मार्च २०२५ मध्ये आम्ही उभयता एका सहल कंपनीबरोबर इजिप्तला गेलो होतो. (कंपनीचे नाव लिहीत नाही, तिच्या पानभर जाहिराती आपल्याकडे येतात, तेव्हा आपली अडचण मी समजू शकतो.) रमजानात तिथली संग्रहालये आणि प्राचीन वास्तू लवकर बंद होतात आणि या बदललेल्या वेळा आधी जाहीर केल्या जातात. कंपनीने मात्र आमच्या हाती बिगर-रमजानची कार्यक्रमपत्रिका ठेवली, त्यामुळे कैरोच्या तहरीर चौकातील संग्रहालयापाशी आमची बस पोहोचली तेव्हा पहारेकरी फाटकाला साखळी लावत होता. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याचा सोन्याचा मुखवटा पाहायचा, ही माझ्या पत्नीची शाळकरी वयापासूनची इच्छा तिथेच राहिली. सहल व्यवस्थापकांनी ‘रमजान आहे, त्याला आपण काय करणार?’ असे म्हणून हात झटकले.

परतताना सूर्यास्ताच्या सुमारास आमची बस वाहतुकीच्या कोंडीत अडकली. अजान झाली तशी काही पोरे गाड्यांच्या रांगांमधून धावत खजूर आणि चिंचेच्या सरबताच्या पिशव्या वाटू लागली. दिवसभर रोजा धरून बस चालवणाऱ्या आमच्या चालकाने हाती आलेली पुडी आधी मागच्या आसनांकडे दिली आणि मग स्वतः एक खजूर तोंडात टाकला. ‘बाहेरचे कोणी काही घेऊ नका’ असे व्यवस्थापक ध्वनिक्षेपकावरून बजावत असतानाच पत्नीने खिडकीतून हात बाहेर काढून सरबताची पिशवी घेतली. एरवी पाण्याच्या बाटलीचे झाकणही तपासून घेणारी ती बाई आहे.

त्या रात्री खान अल खलीलीचा बाजार पाहावा, अशी आमच्यापैकी अनेकांची विनंती होती. इफ्तारनंतर तिथे मध्यरात्र उलटेपर्यंत वर्दळ असते, रंगीत काचांचे कंदील लखलखतात आणि कुनाफा, कतायफ अशी खास या दिवसांतली मिठाई मिळते. ‘या दिवसांत रात्री बाहेर पडणे बरे नव्हे’ या सबबीखाली आम्हांला हॉटेलात बसवून वरण-भात वाढण्यात आला. हीच मंडळी गावी परतून ‘रमजानात काहीच पाहायला मिळत नाही’ असे सांगत असतील, तर आपल्या लेखकांची माहिती कोठून आली असावी, याचा तर्क करणे अवघड नाही.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘कैरोतील मशीद’ असे छापले आहे. छायाचित्रातील सहा मिनारांची मशीद ही इस्तंबूलची सुलतान अहमद मशीद होय. कैरोच्या किल्ल्यावरील महंमद अली मशिदीला दोनच मिनार आहेत. दोन्हींची घडण तुर्की वळणाची असल्याने घोटाळा होऊ शकतो हे मान्य, परंतु मिनार मोजायला कैरोला जावे लागत नाही. याची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी आणि ती मागच्या खेपेसारखी राशिभविष्याच्या खाली दडवू नये, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे